फाटकापासून सभागृहापर्यंत: महाविद्यालयात लेखक-संवादाची खुली मालिका सुरू करताना

पोस्टरवर ठळक अक्षरांत ‘सर्वांना प्रवेश खुला’ असं छापलेलं होतं आणि फाटकावर ओळखपत्र मागितलं जात होतं. महाविद्यालयातल्या लेखक-संवादांचं काम मी हाती घेतलं, त्या पहिल्याच कार्यक्रमाची ही गोष्ट. पाहुण्या लेखिकेचं जवळपास सगळं लेखन वाचलेल्या एक वयस्क बाई तिची जुनी, पानं सुटत आलेली कादंबरी पिशवीत घेऊन आल्या होत्या. ओळखपत्र नव्हतं, म्हणून त्या परत गेल्या. रक्षकाला कार्यक्रमाबद्दल कोणी सांगितलंच नव्हतं, आणि ते सांगणं माझं काम होतं. मला हे दुसऱ्या दिवशी समजलं. त्यानंतरच्या प्रत्येक कार्यक्रमाची तयारी मी फाटकापासून सुरू केली आहे.

हा लेख पहिल्यांदाच हे काम अंगावर घेणाऱ्यांसाठी आहे. नव्याने रुजू झालेले प्राध्यापक, ग्रंथपाल, वाङ्मय मंडळाची जबाबदारी मिळालेले विद्यार्थी. हाताशी पैसा थोडा, माणसं चार आणि अनुभव नाही, असं धरूनच लिहितो आहे.

पायरी १: ‘खुला’ म्हणजे काय, ते आधी ठरवा

महाविद्यालयाने बाहेरच्या माणसांना आत घ्यावं, ही कल्पना फार जुनी आहे. पॅरिसचं कॉलेज द फ्रान्स १५३० साली सुरू झालं. तिथे परीक्षा नाही, पदवी नाही, नावनोंदणी नाही. ज्याला ऐकायचं त्याने यावं आणि बसावं. लंडनचं ग्रेशम कॉलेज १५९७ पासून मोफत सार्वजनिक व्याख्यानं देत आलं आहे. सुरुवातीच्या काळात तिथे एकच व्याख्यान दोनदा होई: एकदा लॅटिनमध्ये, विद्वानांसाठी, आणि एकदा इंग्रजीत, शहरातल्या लोकांसाठी. दार उघडलं तरी आतलं बोलणं कळलं नाही तर बाहेरून आलेला माणूस दुसऱ्यांदा येत नाही, हे त्या लोकांना चारशे वर्षांपूर्वी उमगलं होतं.

तुमच्याकडे याचा अर्थ काय, ते प्राचार्यांसोबत बसून कागदावर उतरवा. बाहेरच्यांनी कोणत्या फाटकातून यायचं, ओळखपत्र लागणार की नाही, वहीत नाव लिहावं लागणार का, वाहनं कुठे लावायची, कार्यक्रम संपल्यावर फाटक किती वाजेपर्यंत उघडं राहील. या कागदाची एक प्रत सुरक्षारक्षकांच्या खोलीत लावा आणि त्या दिवशी पाळीवर असलेल्या माणसाशी स्वतः जाऊन बोला. पाळी बदलते आणि सकाळचा निरोप संध्याकाळी पोहोचलेला नसतो.

आवारात वर्षानुवर्षं वावरणाऱ्यांना एक गोष्ट दिसत नाही: बाहेरच्यासाठी ते आवार म्हणजे भूलभुलैया असतो. ‘नवी इमारत’ किंवा ‘जुनी प्रयोगशाळा’ या खुणा फक्त आपल्याला कळतात. म्हणून फाटकापासून सभागृहाच्या दारापर्यंत, प्रत्येक वळणावर बाणाचा एक कागद लावा. लावून झाल्यावर महाविद्यालयात कधीही न आलेल्या एखाद्या ओळखीच्या माणसाला ते बाण पाहत चालायला सांगा. तो जिथे थबकेल, तिथे आणखी एक बाण हवा. सभागृह वरच्या मजल्यावर असेल आणि लिफ्ट नसेल, तर तळमजल्यावरचा साधा मोठा वर्ग घ्या. सजावट नसलेला वर्ग चालतो; जिना चढता न आल्यामुळे परत गेलेला माणूस चालत नाही.

पायरी २: वार, वेळ आणि जागा

वार एकच ठेवा. ‘महिन्याचा दुसरा गुरुवार, संध्याकाळी सहा’ असं काहीतरी, जे पोस्टर न पाहताही लोकांच्या लक्षात राहील. लेखकाच्या सोयीने दर वेळी तारीख हलवली की मालिका उरत नाही, सुटे कार्यक्रम उरतात. पहिल्या वर्षी चार कार्यक्रम पुष्कळ झाले. दर महिन्याला एक करायचा उत्साह मी पाहिला आहे. तिसऱ्या कार्यक्रमापर्यंत स्वयंसेवक थकतात आणि पाचव्याला मुलाखतकार पुस्तक न वाचता बसतो. परीक्षांचे आठवडे आधीच कॅलेंडरवर खोडून टाका. नोकरी करणाऱ्यांना कामावरून सुटून पोहोचता यावं आणि घरी परतायला वाहन मिळावं, या दोन टोकांच्या मध्ये तुमची वेळ बसते.

कार्यक्रम किती लांब असावा? पुढे मोठा शास्त्रज्ञ झालेला मायकेल फॅरडे १८१३ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशन या विज्ञानसंस्थेत मदतनीस म्हणून नुकताच लागला होता, वय २१. त्या वर्षी त्याने बेंजामिन अ‍ॅबट या मित्राला चांगलं व्याख्यान कसं असावं यावर पत्रं लिहिली. वक्त्याच्या गुणांसोबत त्याने सभागृहातल्या खेळत्या हवेचा आणि आत-बाहेर जाण्याच्या वाटांचाही विचार केला आहे, आणि एक तास कोणालाही पुरेसा असतो असं स्वच्छ लिहिलं आहे. मी हा तास पाळतो: वाचन आणि गप्पा मिळून साठ मिनिटं आणि श्रोत्यांच्या प्रश्नांसाठी वेगळी तीस. नव्वद मिनिटांनंतर कितीही रंगलेला कार्यक्रम थांबवायचा. ज्यांना आणखी बोलायचं आहे ते बाहेर उभे राहून बोलतात, आणि तेही कार्यक्रमाचंच यश असतं.

जागा अंदाजापेक्षा थोडी लहान घ्या. ऐंशी खुर्च्यांच्या खोलीत साठ माणसं बसली की संवाद होतो. तीच साठ माणसं चारशे खुर्च्यांच्या सभागृहात विखुरली की लेखकाला रिकाम्या खुर्च्यांशी बोलावं लागतं.

पायरी ३: कोणाला बोलवायचं, आणि पत्र कसं लिहायचं

सर्वांत मोठं नाव मिळवायच्या धडपडीने सुरुवात करू नका. माझी कसोटी साधी आहे: या माणसाला विचारायचे पाच प्रश्न मला आत्ता लिहिता येतात का? येत नसतील तर तो लेखक कितीही मोठा असो, त्याला बोलावण्याची माझी तयारी झालेली नाही. पहिलंच पुस्तक आलेली लेखिका, अनुवादक, संपादक, मुलांसाठी लिहिणारे, नाटककार, मौखिक कथा गोळा करणारे अभ्यासक, अशी माणसं वर्षाच्या यादीत मिसळा. मूळ लेखक आणि अनुवादक यांना एकत्र बसवलं तर फार सुंदर कार्यक्रम होतो. एका शब्दासाठी दोघं किती अडून बसले होते, हे ऐकताना भाषा न शिकलेला श्रोताही पुढे सरकून बसतो.

निमंत्रण किमान तीन महिने आधी जावं, आणि एका पानात मावावं. साधारण असं:

‘आपल्या अमुक पुस्तकावर आमचा वीस वाचकांचा गट महिनाभर वाचन करणार आहे. त्यानंतर अमुक तारखेला संध्याकाळी सहा ते साडेसात या वेळेत आपण आमच्याशी संवाद साधावा अशी विनंती आहे. आपलं दहा मिनिटांचं वाचन, पन्नास मिनिटांची मुलाखत आणि तीस मिनिटं श्रोत्यांचे प्रश्न अशी रूपरेषा आहे. मानधन इतकं असेल. प्रवास आणि राहण्याची व्यवस्था महाविद्यालय करेल. ध्वनिचित्रमुद्रण करायचं की नाही, हे आपल्या परवानगीवर अवलंबून राहील.’

पैशाचा उल्लेख पहिल्याच पत्रात हवा. मानधन देणं जमणार नसेल तर तेही त्याच पत्रात, सरळ शब्दांत सांगा. नकार आला तर तो मनाला लावून घेऊ नका. लेखकाला ‘आपल्याला काय अपेक्षित आहे?’ असं विचारायला लावणं हा त्याच्या कामाचा अनादर आहे. लिहिणाऱ्याची संध्याकाळ, तयारी आणि प्रवास ही मेहनतच आहे.

पायरी ४: कार्यक्रमाआधीचं वाचन

सगळ्या पायऱ्यांमधली एकच निवडा असं कोणी म्हटलं, तर मी ही निवडेन.

न वाचलेल्या पुस्तकाच्या लेखकाला ऐकणं म्हणजे अनोळखी घराचं वर्णन ऐकणं. वीस माणसांनी जरी पुस्तक वाचलेलं असेल तरी खोलीचा पोत बदलतो: हशा योग्य ठिकाणी येतो, प्रश्न नेमके येतात, आणि लेखकाला पहिल्या पाच मिनिटांत कळतं की इथे आपलं काम पोहोचलेलं आहे. मी लेखकांचे चेहरे त्या क्षणी बदलताना पाहिले आहेत.

तर कार्यक्रमाच्या चार-पाच आठवडे आधी ग्रंथालयातून पुस्तकाच्या शक्य तितक्या प्रती मिळवा. पाच प्रती असल्या तरी भागतं: प्रत्येकाने आठवड्याभरात वाचून पुढच्याला द्यायची, आणि प्रतीच्या मागच्या पानात एक कोरा कागद ठेवायचा. वाचणाऱ्याने त्यावर आपला एक प्रश्न लिहायचा. प्रत फिरून परत येते तेव्हा त्या कागदावर चार-पाच प्रश्न जमलेले असतात आणि मुलाखतकाराचं निम्मं काम झालेलं असतं. पुस्तक संपूर्ण वाचणं ज्यांना जमणार नाही त्यांच्यासाठी एक कथा किंवा एक प्रकरण निवडा आणि एका संध्याकाळी सगळे मिळून मोठ्याने वाचा. त्याची छायाप्रत वाटायची असेल तर प्रकाशकाची परवानगी घ्या. आधी विचारलं तर बहुतेक जण आनंदाने देतात.

या गटात बाहेरचे लोक असलेच पाहिजेत. फक्त साहित्याच्या वर्गातले विद्यार्थी असतील तर चर्चा परीक्षेच्या उत्तरासारखी होऊ लागते. आमच्या गटात एकदा निवृत्त परिचारिका होत्या. कादंबरीतल्या रुग्णालयाच्या रात्रीबद्दल त्या जे बोलल्या, ते आम्हा शिकवणाऱ्यांपैकी कोणालाही सुचलं नसतं. त्यांचा प्रश्न पुढे कार्यक्रमात पहिला घेतला, आणि लेखकाने त्याच एका प्रश्नावर दहा मिनिटं मनापासून उत्तर दिलं.

पायरी ५: मुलाखतकार

मुलाखतकार पदावरून निवडू नका. विभागप्रमुख आहेत, वरिष्ठ आहेत, म्हणून खुर्ची त्यांना, असं केलं तर कार्यक्रम औपचारिक होतो. जो पुस्तक दोनदा वाचेल आणि जो ऐकू शकतो, त्याला बसवा. तो विद्यार्थी असला तरी हरकत नाही.

प्रश्न तयार करताना एक सवय लावून घ्या: प्रत्येक प्रश्न पुस्तकातल्या एखाद्या पानाला बांधलेला असावा. ‘तुम्हाला लिहिण्याची प्रेरणा कुठून मिळाली?’ या प्रश्नाचं उत्तर लेखकाने शंभर वेळा दिलेलं असतं, आणि एकशे एकाव्या वेळी तो तेच देतो. त्याऐवजी ‘शेवटच्या प्रकरणात निवेदन अचानक मुलीच्या तोंडी येतं. पहिल्या खर्ड्यात ते तसंच होतं का?’ असं विचारा. लेखक क्षणभर थांबतो, आठवू लागतो, आणि श्रोत्यांसमोर खरोखर विचार करू लागतो. ती शांतता भरून काढायची घाई मुलाखतकाराने करू नये. पाच सेकंदांची शांतता व्यासपीठावर फार लांब वाटते, समोर बसलेल्यांना ती मुळीच खटकत नाही.

दहा-बारा प्रश्न लिहा, पण विचारायचे सहा-सातच. आधी एकदा लेखकाशी फोनवर बोलून घ्या. प्रश्न वाचून दाखवायचे नाहीत, विषय सांगायचे. कशाबद्दल बोलायला आवडणार नाही, हेही विचारायचं आणि ते पाळायचं. वाचनासाठी उतारा लेखकालाच निवडू द्या. दहा मिनिटांत साधारण तीन-चार छापील पानं होतात, तेव्हा घड्याळ लावून एकदा मोठ्याने वाचून पाहा असं सुचवा. दोन लेखक किंवा लेखक आणि कलावंत असा जोडसंवाद असेल तर दोघांनी एकमेकांचं काम आधी पाहिलेलं असलंच पाहिजे. नाहीतर दोन वेगवेगळ्या मुलाखती शेजारी शेजारी चालतात.

पाहुण्यांची ओळख दोन मिनिटांत आटपावी. पुरस्कारांची यादी पत्रकात छापा. ओळख करून देताना पुस्तकातला एक परिच्छेद वाचला, तर ज्यांनी काहीच वाचलेलं नाही त्यांनाही लेखकाचा आवाज लगेच कळतो.

पायरी ६: लोकांना बोलावणं

समाजमाध्यमांवर चित्र टाका, सूचनाफलकावर पत्रक लावा, ते सगळं करा. पण त्यावर विसंबू नका.

फॅरडेची गोष्ट पुन्हा आठवते. १८१२ साली तो पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करत होता. दुकानात येणाऱ्या एका ग्राहकाने त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या हम्फ्री डेव्ही या रसायनशास्त्रज्ञाच्या व्याख्यानांची तिकिटं दिली. फॅरडेने चार व्याख्यानं ऐकली, टिपणं काढली, स्वतःच्या हाताने त्यांचं पुस्तक बांधलं आणि डेव्हीला पाठवलं. पुढच्या वर्षी तो तिथेच कामाला लागला. त्या सभागृहाची जाहिरात शहरात असेलच. पण बांधणीच्या दुकानातल्या मुलाला कोणीतरी हातात तिकीट देऊन ‘तू जा’ म्हणावं लागलं.

म्हणून आपल्या गटातल्या प्रत्येकाने महाविद्यालयाशी संबंध नसलेल्या दोन माणसांना प्रत्यक्ष भेटून बोलवावं. सार्वजनिक वाचनालयातले रोजचे वाचक, जवळच्या शाळेतले शिक्षक, महाविद्यालयाच्या कार्यालयातले आणि सफाईचे कर्मचारी, हे सगळे आले. कर्मचाऱ्यांना आपण हमखास विसरतो. खुर्च्या तेच लावतात आणि कार्यक्रम सुरू झाला की बाहेर उभे राहतात. त्यांच्यासाठी खुर्ची ठेवा आणि नाव घेऊन आत बोलवा.

निमंत्रणावर चार गोष्टी स्पष्ट हव्यात: प्रवेश मोफत आहे, पुस्तक वाचलेलं नसलं तरी चालेल, कोणत्या फाटकातून यायचं, आणि किती वाजता संपेल. शेवटची गोष्ट बहुतेक निमंत्रणांवर नसते. घरी लहान मूल किंवा आजारी माणूस असणाऱ्यांचं येणं बरेचदा त्या एका ओळीवर ठरतं.

पायरी ७: त्या दिवशी

ध्वनिव्यवस्था एक तास आधी तपासा, आणि खोलीच्या शेवटच्या रांगेत बसून तपासा. हातातला माईक तोंडापासून साधारण चार बोटं अंतरावर धरायला सांगा. ‘माझा आवाज मोठा आहे’ म्हणून माईक बाजूला ठेवणाऱ्या वक्त्याला नम्रपणे थांबवा, कारण कमी ऐकू येणारे लोक ते बोलून दाखवत नाहीत. श्रोत्यांमध्ये फिरवायला दुसरा माईक हवाच. बॅटऱ्यांचा एक जोड जवळ ठेवा. व्यासपीठ फार उंच असेल तर खुर्च्या खाली, श्रोत्यांच्या पातळीवर मांडा. दाराजवळच्या दोन रांगा उशिरा येणाऱ्यांसाठी राखा आणि चाकाच्या खुर्चीसाठी पहिल्या रांगेजवळ मोकळी जागा ठेवा. स्वयंसेवकांपैकी सर्वांत बोलक्या विद्यार्थ्याला फाटकावर उभं करा.

पायरी ८: श्रोत्यांचे प्रश्न

कॉलेज द फ्रान्समध्ये फ्रेंच विचारवंत मिशेल फुको १९७० च्या अखेरीपासून १९८४ पर्यंत शिकवत होते. तीनशे जागांच्या सभागृहात पाचशे लोक दाटीवाटीने बसत. १९७६ मध्ये गर्दी कमी व्हावी म्हणून त्यांनी संध्याकाळची पावणेसहाची वेळ बदलून सकाळी नऊची केली. एवढी गर्दी असूनही त्यांची खंत वेगळीच होती: व्याख्यान नीट जमलं नाही अशा वेळी एखादा प्रश्नही ते मार्गी लावू शकला असता, पण तो प्रश्न कधी येतच नसे. भरलेलं सभागृह आणि झालेला संवाद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला या हकिगतीतून फार लख्ख दिसतं.

प्रश्न येण्यासाठी व्यवस्था करावी लागते. दारातच प्रत्येकाला एक चिठ्ठी आणि पेन्सिल द्या. उभं राहून बोलायला संकोच वाटणारे लिहून देतात, आणि चांगले प्रश्न बहुधा त्या चिठ्ठ्यांमध्येच सापडतात. मुलाखत संपल्यावर दोन मिनिटं शेजाऱ्याशी बोलायला सांगा. खोलीत कुजबुज सुरू होते आणि त्यानंतर हात वर येतात.

पहिला प्रश्न कोणाला द्यायचा, हे विचारपूर्वक ठरवा. दहा देशांतल्या ३५ संस्थांमधल्या सुमारे अडीचशे शैक्षणिक चर्चासत्रांचं निरीक्षण करून २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पुरुष प्रश्न विचारण्याची शक्यता स्त्रियांच्या अडीच पट आढळली. आणि पहिला प्रश्न पुरुषाने विचारला असेल तर पुढच्या प्रश्नांत स्त्रियांचा वाटा आणखी कमी दिसला. म्हणून मी पहिला हात वर आला की लगेच माईक देत नाही. थोडं थांबतो, खोलीभर नजर फिरवतो, आणि पहिली संधी शक्यतो एखाद्या बाईला, विद्यार्थिनीला किंवा बाहेरून आलेल्या व्यक्तीला देतो.

प्रश्नाच्या नावाखाली भाषण करणारे भेटतातच. सुरुवातीलाच सांगून ठेवा की प्रश्न एका मिनिटात मांडायचा आहे, आणि माईक स्वयंसेवकाच्या हातातच राहू द्या. वेळ झाली की ‘तुमचा मुद्दा पोहोचला, आता उत्तर ऐकूया’ असं सौम्यपणे म्हणायचं. माईकशिवाय विचारलेला प्रश्न मुलाखतकाराने पुन्हा मोठ्याने सांगावा. मागे बसलेल्यांना आणि मुद्रणालाही तो हवा असतो.

पायरी ९: कार्यक्रमानंतर

मुद्रणाची परवानगी लेखी घ्या, आणि ते कुठे, किती काळ ठेवणार हे त्यात लिहा. श्रोत्यांचे चेहरे दिसणार असतील तर आरंभीच जाहीर करा. हे केलं तर जे हाती राहतं ते मोलाचं असतं: फुकोंची व्याख्यानं १९९७ पासून पुस्तकरूपात येऊ लागली, ती श्रोत्यांनी लावलेल्या टेपरेकॉर्डरच्या ध्वनिफितींच्या आधारे. चित्रफितीची सोय नसेल तर फक्त ध्वनिमुद्रण करा आणि दोन विद्यार्थ्यांकडून त्याचं लेखी टिपण करून घ्या. प्रसिद्ध करण्यापूर्वी लेखकाला वाचायला पाठवा. बोलताना निसटलेलं एखादं वाक्य बदलायचा त्याला हक्क आहे.

मानधन आणि प्रवासखर्च त्याच दिवशी मिळावा, यासाठी कार्यालयाची कागदपत्रं आठवडाभर आधी पूर्ण करा. महिनोन्‌महिने रखडलेली देयकं हे अशा मालिकांचं मोठं दुखणं आहे, आणि लेखक ते एकमेकांना सांगतात. दोन दिवसांत आभाराचं पत्र जाऊ द्या आणि त्यासोबत वेळेअभावी न घेतलेल्या चिठ्ठ्याही पाठवा. मी अशा चिठ्ठ्या पाठवल्या आहेत आणि एका कवीने त्यांतल्या प्रत्येकीला पत्राने उत्तर दिलं आहे.

दाराजवळ एक वही ठेवा. नाव, हवा असेल तर फोन, कार्यक्रमाबद्दल कुठून कळलं, आणि पुढे कोणाला ऐकायला आवडेल, एवढे चार रकाने. त्याच आठवड्यात सगळ्या गटाने बसून ती वही वाचायची. कोणत्या वाटेने किती लोक आले हे त्यातून कळतं आणि पुढच्या वेळचा खर्च कुठे करायचा तेही. ‘फाटकावर अडवलं’ किंवा ‘ऐकू आलं नाही’ असं कोणी लिहिलं असेल, तर त्या व्यक्तीला फोन करा, नेमकं काय झालं ते विचारा आणि पुढच्या गुरुवारी फाटकावर कोण उभं असेल त्याचं नाव सांगा.